जुनी जीप आणि नवे इंजिन

गेल्या उन्हाळ्यात मी सातारा जिल्ह्यातील एका गावी पाहुणा म्हणून गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्यांआड एक जुनी जीप उभी होती. उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी, १९६० नंतरच्या दशकातली. घरातल्या दोघा भावांच्या वडिलांनी ती घेतलेली. वडील जाऊन बरीच वर्षे झाली, आणि जीपही बारा वर्षे जागची हललेली नव्हती. इंजिन जाम झाले होते.

संध्याकाळी चहा घेता घेता दोघा भावांत वाद निघाला. थोरले म्हणाले, "गुरुजी, ही आमच्या आबांची गाडी. हिचं आहे तेच इंजिन दुरुस्त करायचं. दुसरं काही घातलं तर ती आबांची राहायची नाही."

धाकटे म्हणाले, "दादा, इंजिन बदलायचं नाही म्हणून तर बारा वर्षं कोंबड्या बसताहेत हिच्यावर. डिझेलचं नवं इंजिन बसवू, उद्यापासून गाडी रानात जाईल. चालती गाडी ती गाडी. उभी राहिली की भंगार!"

आणि मग दोघेही माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला काही सांगता आले नाही. दोघांचेही बोलणे मला पटत होते. घरी परतल्यावर मी जीपचा इतिहास पुन्हा नीट चाळून पाहिला, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. प्रश्न दिसायला एका गाडीचा आहे; पण जुनी वस्तू जतन करणे म्हणजे काय, हा त्याच्या पोटातला प्रश्न आहे, आणि तो आपल्या गावोगावी उभा आहे.

आपण मुळापासून सुरुवात करू. जीप जन्मली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. मागणी अशी होती की, चारही चाकांनी ओढणारी, हलकी, चिखलातून आणि खडकांवरून जाणारी एक छोटी गाडी करून द्या. आणि नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत हजर करा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बँटम या लहानशा कारखान्याने हे आव्हान स्वीकारले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी आपली गाडी मेरीलँडमधील लष्करी छावणीत नेऊन उभी केली. त्यामागोमाग विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनीही आपापले नमुने आणले.

आता गंमत पहा. या तिन्ही गाड्या दिसायला बहिणी-बहिणी होत्या. फरक होता तो मुख्यतः इंजिनात. फोर्ड कंपनीने तर आपल्या नमुन्यात चक्क शेतातल्या ट्रॅक्टरचे इंजिन थोडे फेरफार करून बसविले होते. विलीसचे इंजिन तिघांत दांडगे होते: चार सिलिंडरांचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे. चढावर आणि चिखलात तेच सरस ठरले. पण एक अडचण आली. ते इंजिन वजनदार होते, आणि सैन्याने वजनाची मर्यादा घातली होती २,१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोंची. विलीसची गाडी भरली २,४०० पौंडांच्या आसपास. शंभर किलोंहून जास्त वजन उतरवायचे होते.

कंपनीचे मुख्य अभियंता होते बार्नी रूस. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, हलके इंजिन बसवून मोकळे व्हायचे. दुसरी, इंजिन आहे तेच ठेवायचे आणि बाकीच्या गाडीचे वजन उतरवायचे. रूस यांनी दुसरी वाट धरली. गाडी सुटी केली, एकेक भाग तोलून पाहिला, बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रे पातळ केले. शेवटी काटा मर्यादेच्या इतका जवळ आला की, रंगाचे वजनसुद्धा हिशेबात धरावे लागले. इंजिनासाठी बाकीची गाडी बदलली! युद्ध संपेपर्यंत या नमुन्याच्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. त्यांतल्या काही लाख खुद्द फोर्डनेच केल्या, पण विलीसचे इंजिन घालून.

हे ऐकले की थोरल्या भावाची बाजू बळकट वाटते. जीपचे इंजिन म्हणजे जीपचा जीव. ते काढले की उरतो तो नुसता सांगाडा, असे कोणीही म्हणेल.

पण जरा थांबा. हे इंजिन तरी नवे होते काय? नव्हते. विलीस कंपनी आपल्या स्वस्त मोटारींत ते जीपच्या आधी कित्येक वर्षे घालीत असे. त्या वेळी त्याची शक्ती होती ४८ अश्वशक्ती, आणि जास्त वेळ पळविले की ते दम टाकी. रूस १९३८ साली कंपनीत आले आणि त्यांनी त्याच इंजिनाचे भाग सुधारून त्याला ६० अश्वशक्तीपर्यंत नेले. म्हणजे आज ज्याला आपण जीपचे 'अस्सल' इंजिन म्हणतो, तेच मुळी दुसऱ्या गाडीतले, सुधारून घेतलेले जुने इंजिन आहे.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. युद्ध संपल्यावर विलीसने शेतकऱ्यांसाठी आणि नागरिकांसाठी जीप काढली. १९५३ साली तिच्यात एक नवे इंजिन आले. सिलिंडरांचे माप जुनेच, पण हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह आता बाजूला नव्हते, वर डोक्यात होते. त्यामुळे शक्ती वाढून सत्तरच्या थोडी वर गेली. पण त्याबरोबर इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते मावेना. तेव्हा कंपनीने काय केले? चासी जुनीच ठेवली, आणि बॉनेट आणि पुढची जाळी उचलून उंच केली! आपल्याकडच्या जुन्या जीपचे नाक वर उचललेले दिसते ना, त्याचे कारण हे. ती काही शोभेसाठी केलेली रचना नव्हे. जुन्या गाडीत नवे इंजिन बसविल्याची ती खूण आहे. आणि ते इंजिन गॅरेजातल्या मिस्त्रीने बसविलेले नसून खुद्द कारखान्याने बसविलेले आहे.

आमच्या त्या शेडमधली जीप याच उंच बॉनेटची. थोरले बंधू जिला 'आबांची अस्सल गाडी' म्हणत होते, ती या अर्थाने जन्मतःच इंजिन बदललेली गाडी होती.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीतील एक भागीदार, गुलाम महंमद, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि पुढे तेथील गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला परदेशातून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली, आणि हळूहळू तिचे भागही इथेच बनू लागले. पुढे उंच बॉनेटची जीप आली, आणि अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाल्यावरही आपल्याकडे तिचा वंश चालूच राहिला.

आपल्या खेड्यापाड्यांनी सरकार पाहिले ते पुष्कळदा या जीपमधून उतरताना. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. बीडीओ साहेबांची जीप, देवीच्या लशीची जीप, निवडणुकीतली कर्ण्याची जीप! पांदीतून धुरळा उठला की पोरे धावत सुटत. पुढे हीच जीप माणसांची वाहतूक करू लागली. आमच्याकडे तिला 'वडाप' म्हणतात. नऊ-दहा माणसांची सोय असलेल्या गाडीत किती माणसे बसत, ते इथे सांगणे बरे नव्हे.

मग आले १९७३ साल. त्या वर्षाच्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. पेट्रोलची जीप पोसणे म्हणजे दारी हत्ती बांधणे झाले. डिझेल त्या मानाने स्वस्त होते. तेव्हा महिंद्र कंपनीने जीपमध्ये डिझेल इंजिन घातले. आणि ते कुठले? तर आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या जातीचे. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी निघाली होती. ते इंजिन म्हणजे घरचेच. म्हणजे १९४० साली फोर्डने जे करून पाहिले होते, तेच तीसेक वर्षांनी इथे गरजेपोटी पुन्हा झाले: जीपच्या पोटात ट्रॅक्टरचे इंजिन! त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन आले, आणि ते इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले.

कारखान्याने जे केले तेच गावोगावच्या मिस्त्र्यांनीही केले. पेट्रोलचे इंजिन उतरवायचे, कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचे डिझेल इंजिन आणायचे, चासीवर नवे मौंटिंग वेल्ड करायचे, आणि जीप पुन्हा रस्त्याला लावायची. त्या मिस्त्र्यांपैकी किती तरी जणांनी इंजिनीअरिंग कॉलेजाचे फाटकही पाहिले नव्हते. पण त्यांच्या हातामुळे हजारो जीपगाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या, हे विसरता कामा नये. धाकट्या भावाच्या बोलण्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे.

तर मग नवे इंजिन घालावे, असेच ठरले म्हणा ना! पण नाही, अजून दुसरी बाजू ऐकायची आहे.

पेट्रोल आणि डिझेल या दोन इंजिनांचा स्वभावच वेगळा. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. युद्धातल्या जीपमध्ये हे मिश्रण मूळ जागेच्या साधारण साडेसहाव्या हिश्श्यात दाबले जाई. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे मर्म हे की, नुसती हवाच इतकी दाबायची की ती अतिशय तापावी, आणि मग तिच्यात इंधनाचा फवारा सोडायचा. जीपमध्ये बसविलेल्या डिझेल इंजिनांत हवा विसाव्या हिश्श्याच्या आसपास दाबली जाते. एवढा दाब सोसायला ओतीव लोखंड जाड लागते. म्हणून डिझेल इंजिन जड, आणि त्याचा हादराही मोठा. ते जुन्या जीपमध्ये बसविले की पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते, आणि हादऱ्याने चासीला चिरा पडू शकतात. जुन्या लष्करी जीपची वीज सहा व्होल्टची. डिझेल इंजिन फिरवायला ती पुरत नाही, म्हणजे बॅटरी, स्टार्टर, वायरिंग सगळेच बदलणे आले. दोरा ओढावा आणि शिवणच उसवावी, तसे हे होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे एक हिशेब फळ्यावर मांडण्याजोगा आहे. युद्धातल्या जीपमध्ये टॉप गिअरला इंजिनाचे ४.८८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होई. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरले, तर चाकाचे फेरे होतात सुमारे ८२०. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरा. म्हणजे मिनिटाला १,८४५ मीटर, अर्थात तासाला सुमारे ११० किलोमीटर. हा झाला कागदावरचा कमाल वेग. आता तिथे मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर थांबणारे सावकाश इंजिन बसवा. चाकाचे फेरे होतील ४९२, आणि वेग येईल तासाला ६६ किलोमीटर. म्हणजे इंजिन बदलले आणि मागचे-पुढचे दात तेच ठेवले, तर गाडी ओढेल पुष्कळ, पण पळणार नाही.

याउलट एखाद्या हौशी तरुणाने आजचे जोरदार, पळणारे इंजिन बसविले तर? तर ब्रेक कोण बदलणार? गाडीच्या अंगातला वेगाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी पन्नासची गाडी सत्तरने धावू लागली, तर वेग दीडपटही होत नाही, पण ब्रेकांना थोपवायचा जोर मात्र जवळजवळ दुप्पट होतो. जुने ड्रम ब्रेक, जुने स्टिअरिंग, अरुंद अंग, आणि त्यात नवा जोर. जुनी धाव चढवलेल्या छकड्याला शर्यतीचे बैल जुंपल्यासारखेच ते! सगळे सुरळीत असते ते पहिल्या वळणापर्यंत.

म्हणूनच कायद्यानेही यात लक्ष घातले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी आणि मग पुस्तकात नोंद हवी. नोंद नसलेले इंजिन अपघाताच्या वेळी विम्याच्या आड येऊ शकते. २०२१ साली केंद्र सरकारने आणखी एक नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरपट्टी मिळू शकते. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी मग रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला लावता येत नाही. म्हणजे सरकारने दोन्ही भावांना आपापली वाट दाखवून दिली आहे, पण दोन्ही वाटांनी एकदम चालता येणार नाही असेही बजावले आहे.

आता जतनाचा मुख्य प्रश्न घेऊ. जुने इंजिन ठेवायचे ते कशासाठी? नुसत्या हौसेसाठी काय? नव्हे. जुने इंजिन हा एक दस्तऐवज आहे. त्या काळचे लोखंड कसे होते, पेट्रोल किती हलके होते, रस्ते कसे होते, माणसे किती वेगाला वेग म्हणत असत, हे सारे त्यात लिहिलेले आहे. ते चालू करून त्याचा आवाज ऐकला की पुस्तकातली दहा पाने कळतात. ते भंगारात घातले की ती पाने गेली.

आपल्या गावातल्या जुन्या देवळाचेच पहा. काळ्या पाषाणाचे सातशे-आठशे वर्षांचे देऊळ. गावकरी भक्तीने वर्गणी काढतात, जीर्णोद्धार करतात, आणि कोरीव दगडावर ऑइलपेंट फासतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण रंगाखाली शिल्पाच्या रेघा बुजतात, आणि पुढच्या पिढीला वाचायला काही उरत नाही. उलट, देऊळ तसेच सोडून दिले, कोणी दिवा लावला नाही, छतावर पिंपळ उगवला, तर तेही पडते. वापर नाही तर वस्तू जगत नाही. आणि वापराच्या नावाखाली काहीही केले तर ती ओळखू येत नाही. जीपचेही तेच आहे.

जगातल्या जाणत्या मंडळींनी यावर विचार करून काही नियम घातले आहेत. १९६४ साली इटलीतील व्हेनिस शहरी जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी एक सनद तयार झाली. तीत एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. ती अशी की, वास्तूत निरनिराळ्या काळांनी जी खरी भर घातली असेल, तिचाही मान राखावा. सगळे खरवडून एकदम पहिल्या दिवसावर जाऊ नये. त्याच धर्तीवर, १९६६ साली स्थापन झालेल्या फीवा या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली ट्युरिनची सनद केली. तिचे सार मी माझ्या शब्दांत सांगतो: जेवढे जरूर तेवढेच बदला, जे बदलाल ते पुन्हा पहिल्यासारखे करता येईल असे बदला, आणि बदललेले लिहून ठेवा.

हा वाद आता पुढच्या मुक्कामाला पोचला आहे. परदेशात जुन्या मोटारींतून पेट्रोलचे इंजिनच काढून विजेची मोटर बसविण्याची चाल निघाली आहे. १९६८ च्या जुन्या जग्वार गाडीत खुद्द जग्वार कंपनीने विजेची मोटर बसविली, आणि २०१८ साली इंग्लंडचे राजपुत्र हॅरी आपल्या लग्नाच्या संध्याकाळी त्याच गाडीतून गेले. सगळ्या जगाने ते पाहिले. पुढच्याच वर्षी फीवाने स्पष्ट सांगितले की, आम्ही या चालीचा पुरस्कार करू शकत नाही. पण कोणी करणारच असेल, तर बदल मागे फिरविता येईल असा करावा, आणि काढलेले भाग खुणा करून नीट ठेवावेत. पहा, सत्तर वर्षांपूर्वीच्या उंच बॉनेटपासून विजेच्या मोटरीपर्यंत प्रश्न तोच आहे.

आणखी एक गोष्ट अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनीही ध्यानी घ्यावी. जुने इंजिन ठेवले म्हणजे काहीच बदलावे लागत नाही, असे नव्हे. आज आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, चिरतात. तेव्हा इंजिन अस्सल ठेवायचे तरी नळ्या आणि पडदे आजचे लागतील. धावत्या गाडीत सोळा आणे अस्सलपणा कुठेच नसतो. तो हवा असेल तर गाडी काचेच्या पेटीत ठेवावी लागेल.

तर मग त्या दोघा भावांना मी काय सांगितले? पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या गावी गेलो. मी म्हटले, "आधी तीन गोष्टी पाहू. पहिली, गाडीचं काम काय? रोज रानात माल न्यायचा असेल, तर त्यासाठी वेगळी गाडी बघा. साठीला टेकलेल्या जीपला ते ओझं देऊ नका, तिच्यात कुठलंही इंजिन असो. दुसरी, आहे ते इंजिन खरंच मेलंय का? बॉनेट न उघडता दोघं भांडताय. आधी मिस्त्रीला खोलू द्या. आणि तिसरी, जे कराल ते उद्या उलटवता येईल का? गॅस कटरनं चासी कापली की ती पुन्हा सांधली तरी पहिली होत नाही."

धाकटे म्हणाले, "आणि इंजिन मेलेलं निघालं तर?"

मी म्हटले, "तर खुशाल दुसरं घाला. आधी त्याच जातीचं, म्हणजे जीपचंच, शोधा. नाहीच मिळालं तर डिझेल घाला, पण चासी न कापता, बोल्टांवर बसेल असं. ब्रेक त्याच्या जोडीचे करून, आणि आरटीओची परवानगी काढून. जुनं इंजिन मात्र विकू नका. तेल घालून, कापडात गुंडाळून, पेटीत ठेवा. नातवाला वाटलं तर तो पुन्हा बसवील."

मिस्त्री आले. हेड उघडले. ब्लॉक शाबूत निघाला. पिस्टन गंजून सिलिंडरांना धरले होते, एवढेच. चार दिवस रॉकेल आणि तेल सोडून ते मोकळे केले, आणि ब्लॉक बोअर करायला जिल्ह्याच्या गावी धाडला. खर्च थोडा नव्हता, आणि त्यावरून घरात कुरबुरही झाली. धाकट्या भावाने मला तोंडावर सांगितले, "गुरुजी, एवढ्या पैशांत चालू स्थितीतलं डिझेल इंजिन आलं असतं." ते खरेच होते. जुने जतन करायचे तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, आणि ती मोजणाऱ्याला आपण नुसता उपदेश करून चालत नाही. शेवटी थोरल्या भावाने आपल्या वाट्याचे दोन वर्षांचे ऊस-बिल त्यात घातले.

जीपच्या टपातल्या पेटीत एक जुनी वही सापडली. तीत आबांच्या अक्षरात पेट्रोल किती भरले, कुठे गेलो, काय बदलले, हे तारखांनिशी लिहिलेले होते. एका पानावर कार्बोरेटर बदलल्याची नोंद, दुसऱ्यावर गिअरबॉक्स दुसऱ्या जीपचा बसविल्याची. दोघे भाऊ ती पाने पाहत बराच वेळ गप्प बसले. ज्या गाडीला ते अस्सल म्हणून भांडत होते, तिचे भाग आबांनी स्वतःच गरजेप्रमाणे बदललेले होते. पण प्रत्येक वेळी त्यांनी ते लिहून ठेवले होते.

श्रोतेहो, मला वाटते या सगळ्याचे तात्पर्य त्या वहीत आहे. बदल वाईट नाही. जीप तर बदलांतूनच जन्मली आणि बदलांतूनच वाढली. १९७५ च्या सुमारास एखाद्या मिस्त्रीने पोटासाठी जीपमध्ये डिझेल इंजिन बसविले असेल, तर तेही आता इतिहास झाले आहे. तेल महाग झाले तेव्हा आपल्या माणसांनी काय केले, याची ती साक्ष आहे. असे इंजिन उपटून टाकून गाडी 'अस्सल' करणे म्हणजे ती साक्ष पुसणे होय. वाईट आहे तो मुका बदल: जो आधीचे सगळे कापून टाकतो, आणि मागे काही सांगत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेच्या गावात एखादी जुनी जीप असेल, विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन असेल, नाही तर एखादा पहिल्या पिढीचा ट्रॅक्टर कुंपणाला टेकून गंजत असेल. चौथी-पाचवीच्या मुलांना घेऊन तिथे जा. मालकाला विचारा: केव्हा घेतले, कुणी दुरुस्त केले, काय काय बदलले, कशासाठी बदलले? इंजिनावरचा क्रमांक मुलांना वाचू द्या आणि वहीत उतरवू द्या. म्हातारे मिस्त्री अजून हयात आहेत; त्यांना बोलते करा. ते सांगतील ते आपण आज लिहून घेतले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच जाईल.

आबांची जीप दिवाळीच्या पाडव्याला सुरू झाली. धूर बराच केला, पण सुरू झाली. धाकटे बंधू स्वतः चाकावर बसले, आणि थोरल्यांनी शेजारी बसून वही उघडली आणि पहिल्या रिकाम्या पानावर तारीख घातली.